दोनशे चौदा बुचं

शहाद्याहून खेतियाकडे जाताना
डांबराचा रंग जिथं बदलतो
तिथून चाळीस पावलं अलीकडे माझं मेडिकल,
चाळीस पावलं पलीकडे मंडलोईचं.
मधे दगड. एका अंगाला मराठी, दुसऱ्या अंगाला हिंदी,
वर बहुतेक वेळा एक बकरी.
फोनलाही कळत नाही आपण कुठं आहोत;
दोन्ही राज्यं दिवसभर स्वागत करत राहतात.

खोकल्याचं औषध मी विकत होतो.
हे आधी सांगतो, म्हणजे पुढचं बोलायला तोंड राहील.
चैत्राच्या उन्हात, गावात कुणी खोकत नसताना
दिवसाला पेटी संपायची.
पोरं चिठ्ठीशिवाय यायची, डोळ्याला डोळा न देता.
मी म्हणायचो, मी नाही दिलं तर मंडलोई देईल.
तोही हेच म्हणायचा, निमाडीत.

बुचं पहिल्यांदा दिसली रेमलीबाईला.
नातू गाडी ओढत होता अंगणात,
साबणाचं खोकं आणि चार चाकं,
पांढरी, एकसारखी.
चाकं कुठली रे?
"नालामा भलता शेतस."

रेमली मिरचीच्या पथारीवर देठ खुडते.
तिच्या शेजारी पलीकडची गेंदाबाई, सुकली, दोघी जावा.
इकडं पावरा, तिकडं बारेला;
कागदावर नाव बदललं, आत्या त्याच.
दुपारच्या सुट्टीत सगळ्या नाल्यात उतरल्या,
तिखट हात डोळ्यांपासून लांब धरून.
भोंगऱ्याचा हाट होऊन आठवडा झाला होता.
दोनशे चौदा.
सुकलीला वीसच्या पुढं येत नाही,
तिनं वीस-वीसचे ढीग केले,
उरलेली चौदा पदरात बांधली.

अलीकडच्या चौकीत साहेब म्हणाले,
नाला तर तिकडं वाहतो.
पलीकडचे म्हणाले, उगम तुमच्याकडे.
गेंदाबाईनं पोतं दगडावर उपडं केलं.
बुचं घरंगळली, दोन्ही राज्यांत.
"हद तुम्हनी," रेमली म्हणाली, "पोऱ्या आम्हना."

मग माझ्याकडे आल्या.
वाटलं, काच फोडतील.
सुकलीनं पदराची गाठ सोडली,
काउंटरवर एकच बूच ठेवलं
आणि उभ्या राहिल्या, औषध घ्यायला आल्यासारख्या.
बुचावर काही लिहिलेलं नव्हतं.
मी ओळखलं.

आता एक वही इथं, एक तिथं.
नऊ वाजता शटर ओढलं की मी मंडलोईला फोन करतो.
चौकटीचा शर्ट, दोन बाटल्या मागितल्या, दिल्या नाहीत,
तुझ्याकडे निघालाय.
तो त्याला बाकावर बसवतो, पाणी देतो,
गेंदाबाईकडे पोरगं पाठवतो.
कधी पोर बसतं. कधी शिवी देऊन जातं.

सगळं आवरलं असं म्हणणार नाही.
आता मोटारसायकलवर तिसऱ्याच वाटेनं गोळ्या येतात.
गोळ्यांना बूच नसतं, मोजणार काय?
सुकलीच्या खुमानला धुळ्याला नेलं
तेव्हा गाडी इकडची, डिझेल तिकडचं,
मागं तीन बाया, मांडीवर त्याचं डोकं वाटून घेतलेलं.
तो परतला. पुन्हा गेला. पुन्हा परतला.
सध्या परतलेला आहे.

काल नऊला मंडलोई म्हणाला, आज शून्य.
मी म्हणालो, इकडंही.
दोघांचाही शून्यावर विश्वास बसेना,
म्हणून फोन ठेवला नाही.
बाहेर दगडापाशी एक कुत्रं भुंकत होतं.
एका कानात ते रस्त्यावरून ऐकू येत होतं,
दुसऱ्या कानात मंडलोईकडून,
जरासं उशिरा.